तळघरातली किक

आक्काचा निरोप आला तेव्हा मी एका स्कूटरची क्लच प्लेट बदलत होतो. निरोप एवढाच, की गाडी बघायला ये. कोणती गाडी ते विचारायची गरज नव्हती. तिच्या घरची मोटारसायकल पुरापासून इमारतीच्या तळघरात उभी होती. ती कोणी हलवली नव्हती आणि मीही तो विषय काढला नव्हता.

हातातलं काम पुरं केलं, हात रॉकेलने धुतले, पान्यांची पिशवी उचलली आणि निघालो. दुपार उतरायला लागली होती.

मी फार शिकलेला माणूस नाही. गाड्या मात्र मला कळतात. बंद पडलेली गाडी माझ्या दारात येते आणि चालू होऊन जाते, हे गावात कोणालाही विचारा. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांना मी आयुष्यभर दुकानाच्या पायरीवरून उठवत आलो. म्हणून हे सांगायला मला आवडत नाही. सांगतो तेवढं ऐका. मध्ये काही विचारू नका.

आक्का माझी थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा. मी त्याला धांदल्या म्हणायचो. गाडी चालवायला त्याला मीच शिकवलं. हात चांगला होता, धीर नव्हता. गाडी पहिल्या किकला उठली नाही की चोक ओढायचा आणि दणादण किका मारत सुटायचा. असं केलं की इंजिनात पेट्रोल भरतं, प्लग भिजतो आणि गाडी मुळीच सुरू होत नाही. गाडी फ्लड झाली, म्हणतो आम्ही. त्यावर उपाय सोपा असतो. पेट्रोल बंद करायचं, चोक बंद करायचा आणि गप उभं राहायचं. त्याला हे गप उभं राहणं कधी जमलं नाही.

नदीचं पाणी चढलं त्या दिवशी तो गाडी काढायला तळघरात उतरला. वरून लोक ओरडले, सोड ती गाडी, वर ये. तो खालून ओरडला, होतेय, होतेय सुरू. किकचा आवाज येत होता. पाणी जिन्याच्या पायऱ्या चढायला लागलं तरी आवाज येत होता. मग थांबला.

पंप लावून पाणी उपसलं तेव्हा तो गाडीजवळच सापडला. त्याची बोटं हँडलवरून सोडवायला वेळ लागला. सोडवली मीच.

आक्काने दार उघडलं आणि पहिल्यांदा माझ्या चपलांकडे बघितलं.

"ग्रीस बाहेर ठेव, तू आत ये."

"निरोप पाठवून बोलावलंस आणि वर हुकूम?"

"तुला हुकमाशिवाय काही कळतं का? तू घरात आलास की नळसुद्धा भीतीने गळायचा थांबतो."

एवढं बोलून ती खोकायला लागली. खोकला कोरडा नव्हता. छातीत पाणी हलावं तसा आवाज. खोकताना तिने भिंतीला हात लावला आणि तिच्या लुगड्याचा काठ मला दिसला. गुडघ्यापर्यंत ओला होता. काठाला गाळ लागला होता, सुकलेला आणि त्यावर पुन्हा ओला.

"कुठे गेली होतीस?"

"खाली."

"तळघरात? तिथे दिवा नाही, वायरिंग सगळं काढून टाकलंय. गुडघे धड नाहीत तुझे. पडलीस तर कोण बघणार?"

"तो असतो ना."

मी पान्यांची पिशवी खाली ठेवली.

ती बसली. पदराने हात पुसले. बोटांची टोकं पांढरी पडली होती, सुरकुतलेली, दिवसभर कपडे धुतल्यासारखी. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "रोज दिवेलागणीला किक मारायला लागतो रे. चालू होत नाही त्याची. मी जाऊन उभी राहते शेजारी. म्हणते, राहू दे बाळा, वर चल. तर म्हणतो, होतेय, होतेय..."

"आक्का."

"तू मामा आहेस. आख्ख्या गावाच्या गाड्या चालू करतोस. त्याची तेवढी करून दे."

"आणि खाली पाणी कुठलं? मी स्वतः बघितलंय, तळघर कोरडं आहे."

"सकाळी कोरडं असतं," ती म्हणाली. "संध्याकाळी चढतं. काल इथवर होतं." आणि तिने कमरेला हात लावला.

माझी बहीण वेडी नाही. हिशेबाची पक्की, जिभेची तिखट, बाई अशी की दूधवाला तिच्या दारात टोपी काढून उभा राहतो. पण त्या दिवशी मला नीट कळलं, की हे असंच चाललं तर एका संध्याकाळी ती खाली जाईल आणि वर येणार नाही. दुःखाने म्हणा, खोकल्याने म्हणा, अंधारात पाय घसरून म्हणा. ती गाडी तिथून निघायलाच हवी होती. चालू करायची आणि थेट भंगारवाल्याच्या दारात नेऊन उभी करायची, असं मी मनात ठरवलं. तिला एवढंच म्हणालो, "करतो. तू घराबाहेर पडायचं नाही."

खाली रखवालदार स्टुलावर बसला होता. तळघरातून बाहेर यायचा एक चढ होता आणि चढाच्या तोंडाला लोखंडी शटर. ते बाहेरूनच उघडायचं.

"गाडी चालू झाल्याचा आवाज आला की शटर वर घे," मी त्याला सांगितलं.

"आणि नाही आला तर?"

"माझ्या हातात आलेली गाडी आहे. येईल."

"गाडीचं नाही म्हणत मी, काका," तो म्हणाला. "तुमचं म्हणतो." आणि स्टूल उचलून उन्हात नेऊन ठेवलं.

जिना उतरलो. तळघरात गाळाचा वास होता. ओली माती, कुजलेला पुठ्ठा, जुनं पेट्रोल. भिंतीवर पुराची रेघ माझ्या डोक्याच्याही वर गेली होती. जमीन कोरडी. गाळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या आणि चाललं की त्याच्या पापुद्र्यांचा कुरकुर आवाज व्हायचा. बाकीच्या गाड्या लोकांनी नेल्या होत्या. कोपऱ्यातल्या खांबापाशी ही एकटी उभी. टाकीवर मातीचा थर. सीट मात्र स्वच्छ होती. कोणीतरी रोज पुसावी तशी.

टॉर्च खांबाच्या खिळ्याला अडकवला आणि कामाला लागलो. कामाला लागलं की माणसाला बरं वाटतं.

बुडालेल्या गाडीला आधी किक मारायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर आतला रॉड वाकतो. मी प्लग काढला, हाताने किक हळू दाबली, तसं भोकातून घाण पाणी पिचकारीसारखं उडालं. थंड होतं. पुन्हा दाबली, पुन्हा उडालं. येईनासं झालं तेव्हा तेल सोडलं. तेल कसलं, साबणाच्या पाण्यासारखं पांढुरकं काहीतरी. नवं भरलं. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर खोलून त्यातली माती फुंकली, पिशवीतल्या बाटलीतलं थोडं ताजं पेट्रोल टाकलं. चोकचा खटका वर ओढलेला होता, शेवटच्या टोकापर्यंत. तो मी खाली केला. हे लक्षात ठेवून केलं.

मग वायरिंग. बॅटरी गेली होती, ती काढून बाजूला ठेवली. ही गाडी बॅटरीशिवाय चालते, किक मारली की आतल्या चुंबकातून वीज तयार होते. त्या चुंबकाचं झाकण काढून आतलं सगळं फडक्याने कोरडं केलं. फ्यूज बदलला. वायरींची टोकं घासली. चावीच्या खोबणीत गाळ जाऊन तिथे सगळं एकमेकांना चिकटलं होतं, म्हणून चावीकडे जाणारी वायरच सोडवून टाकली. आता ठिणगी पडायला हरकत नव्हती. फक्त, एकदा चालू झाली की ती चावीने बंद होणार नव्हती.

इतकं होईतो जिन्यावरचा उजेड गेला होता.

ठिणगी तपासायची एक रीत असते. प्लग बाहेरच ठेवायचा, त्याला वायर लावायची, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवून धरायचं आणि किक मारायची. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडली तर वीज ठीक. पण ठिणगी एवढीशी असते. उजेडात दिसत नाही.

म्हणून मी टॉर्च विझवला.

इतका अंधार मी पाहिला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले तेच कळेना. उकिडवा बसलो, डाव्या हाताने प्लग टेकवला, उजव्या हाताने किकचा दांडा चाचपून दाबला.

टिक.

ठिणगी पडली. चांगली निळी. तेवढ्या उजेडात इंजिनाच्या पट्ट्या दिसल्या आणि माझी बोटं. मला बरं वाटलं. खात्रीसाठी आणखी एकदा दाबली.

टिक.

इंजिनाच्या पट्ट्या. माझी बोटं. आणि किकच्या दांड्यावर, माझ्या हाताशेजारी, बुटाचं टोक.

मी हात तिथेच ठेवला. काढवेना. अंधारात माझ्याच श्वासाचा आवाज ऐकत राहिलो. मनाला म्हटलं, म्हातारा झालास, नजर फसते. तिसऱ्यांदा दाबायला जोर लावला... तर दांडा माझ्या हाताखालून आपला आपण खाली गेला.

टिक. ओला बूट. त्यावर चिकटलेली पँट.

टिक. पँटवरून निथळणारं पाणी.

टिक. टिक. टिक. दणादण. मी हात काढून घेतला होता तरी किक चालूच. ती घाई मला ओळखीची होती. प्रत्येक ठिणगीला थोडं थोडं वरचं दिसत होतं... गुडघा, शर्टाचं टोक, हँडल धरलेली बोटं. सरळ केली होती मी ती बोटं, एक एक करून. ती पुन्हा आवळलेली होती.

त्याच्या वर मी बघितलं नाही. प्लग सोडून दिला. अंधार झाला, पण किक थांबली नाही.

आणि पाण्याचा आवाज आला. लांबून, चढाच्या बाजूने. बोळातून येतं तसं, कचरा ढकलत. माझे पाय ओले झाले. टॉर्च चाचपून खटका दाबला, लागला नाही. पाणी घोट्यांना लागलं. बर्फासारखं. पेट्रोलचा उग्र वास नाकात भरला. चोकच्या खटक्याला हात लावला, तर तो वर होता, शेवटच्या टोकापर्यंत.

जिन्याच्या दिशेला पळायचं, एवढंच डोक्यात होतं. वळलो. तर जिन्यावरून आवाज आला.

"घाबरलाय रे तो... ओरडू नकोस त्याच्यावर."

आक्का. आणि पाठोपाठ पाण्यात पाय टाकल्याचा आवाज.

"वर जा!" मी ओरडलो. "आक्का, एक पायरी खाली येऊ नकोस!"

"पाणी वाढतंय. एकटा आहे तो."

"मी आहे ना! मी चालू करून आणतो. तू फाटकापाशी जा. जा म्हणतो ना!"

ती खोकली. पाऊल हललं नाही. मला कळलं, मी पळालो तर ती खाली येईल. किक चालू असेतो ती खाली येतच राहणार, आज नाही तर उद्या.

मला भीती वाटली की राग येतो. लहानपणापासून तसंच आहे. मी वळलो आणि त्या अंधारात, दुकानात पोरांवर ओरडतो तसा ओरडलो.

"थांब! गाढवा, किती वेळा सांगितलं? फ्लड केलीस. आता शंभर किका मार, उठणार आहे का ती?"

किक थांबली.

पाणीही थांबल्यासारखं झालं. मग अगदी माझ्या कानाशी, ओल्या घशातून...

"पाणी येतंय, मामा..."

"येऊ दे," मी म्हणालो. माझा आवाज माझा वाटत नव्हता. "चोक खाली कर."

खट.

"पेट्रोल बंद कर."

पेट्रोलचा कॉक फिरल्याचा आवाज.

"आता हात काढ आणि उभा राहा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

प्लग वायरीला लोंबत होता. तो ओढून फडक्याने पुसला आणि अंधारातच भोकात बसवला. हे मी झोपेतही करू शकतो. पण त्या वेळी आटे लागेनात. बोटं बधिर झाली होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि माझ्या डाव्या खांद्याला लागून कोणीतरी उभं होतं, थरथरत. त्याचं पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं. सांगितलं तसं ते उभं होतं. हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं होतं.

प्लग बसला. पेट्रोल उघडलं. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला, कारण फ्लड झालेल्या गाडीला हवा जास्त लागते. आणि एकच किक मारली.

ती उठली.

तळघर दणाणलं. पुढचा दिवा पेटला आणि त्या पिवळ्या उजेडात मी जमीन बघितली. कोरडी. भेगांसकट. माझी पँट मात्र गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. जिन्यावर कोणी नव्हतं. वर शटर कुरकुरत उघडत होतं.

मी सीटवर टांग टाकली आणि गिअर घातला. त्याच वेळी मागचे स्प्रिंग दबले. मागच्या सीटवर माणूस बसला की गाडी जशी एकदा खाली जाते आणि स्थिरावते, तशी. गाडीचा बोजा कळायला मला मागे बघावं लागत नाही. तरणा माणूस, आणि अंगावर भिजलेले कपडे.

दोन हात माझ्या कमरेभोवती आले.

चढ मी पहिल्या गिअरवर चढलो. गाडी दोघांना ओढते तशीच ओढत होती, दमून, रेटून. मानेवर गार श्वास लागत होता. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं नाही. बाहेर आलो की संपेल, असं वाटत होतं. जे तिथे अडकलंय ते उजेडात विरून जाईल.

बाहेर आलो. दिवस पुरता मावळला नव्हता. फाटकापाशी आक्का उभी होती. गाडी चावीने बंद होणार नव्हती, म्हणून ब्रेक दाबून क्लच सोडला आणि तिला गुदमरवून बंद केली. सगळं शांत झालं.

आक्का माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता, जसा तो शाळेतून घरी यायचा तेव्हा व्हायचा. मला हाक मारायची होती.

कमरेवरचे हात सुटले. मागचे स्प्रिंग वर आले. गाडी हलकी झाली.

"चल," आक्का म्हणाली. "किती भिजलास."

ती वळली आणि वर घराकडे जाणाऱ्या जिन्याकडे चालायला लागली. तिचा उजवा हात अंगापासून थोडा लांब होता, मूठ अर्धवट मिटलेली. कोणाचं तरी मनगट धरावं तशी. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही.

रखवालदार शटरची साखळी हातात धरून उभा होता.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या मागे..."

"कोणी नव्हतं."

"बरं," तो म्हणाला. आणि शटर खाली घेतलं.

गाडी मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे नेली. ढकलत नेली. तिचे तुकडे होईपर्यंत तिथे उभा राहिलो.

आक्का आता तळघरात जात नाही. तिथून आवाजही येत नाही. शेजारी म्हणतात, बरं झालं, म्हातारी सावरली. मीही काही दिवस तसंच म्हणत राहिलो. पण तिचा निरोप येईना आणि बाजारात ती कोणाला दिसेना, म्हणून परवा दिवसाउजेडी तिच्या दारात गेलो.

बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडलं. आतून गाळाचा वास आला. ती तिसऱ्या मजल्यावर राहते.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ता कुठे झोप लागलीय त्याला."

"आक्का, बाहेर ये. माझ्याकडे चल चार दिवस."

"मी उठले की घाबरतो रे तो..." तिचे केस ओले होते, कपाळाला चिकटलेले. ओठ निळसर. "तू जा. तुझे उपकार झाले. पण आता येऊ नकोस. त्याला आवडत नाही."

"तुला खोकला किती आहे बघ. डॉक्टरकडे तरी..."

ती हसली. तिने मागे बघितलं, घरात कोणी हाक मारल्यासारखं. मग माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले. छातीशी, माझ्यासमोर, बोटं पांढरी पडलेली.

ते दोन्ही हात मला दिसत होते, तेव्हा दार हळूहळू बंद झालं. आणि आतून कडी लागली.